संशोधनासाठी सीव्ही: पहिल्या दहा सेकंदांत काय दिसायला हवं?

एम.एस्सी.चा निकाल जवळ आला की आपण सगळेच एक काम करतो. एनसीएल, आयसर, टीआयएफआर, आघारकर, एनसीसीएस अशा संस्थांच्या वेबसाइटवर जाऊन भरतीचं पान रोज उघडून बघतो. प्रोजेक्ट असोसिएट, जेआरएफ किंवा ट्रेनी अशी एखादी जागा निघते आणि खाली ओळ असते, 'अर्जासोबत सीव्ही जोडावा'. मग मित्राची फाइल मागवायची, नाव-गाव बदलायचं आणि शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला पाठवून द्यायची.

पाठवणाऱ्यासाठी हा अर्ध्या तासाचा मामला असतो. वाचणाऱ्याकडे मात्र तुमच्याबद्दल मत बनवायला तेवढा एकच कागद असतो. पीएचडीला आल्यावर गाईडसोबत असे अर्ज चाळायला बसायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली. तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मागे पडणारे अनेक अर्ज कच्च्या विद्यार्थ्यांचे नसतात. त्यांनी केलेलं चांगलं काम दुसऱ्या पानाच्या तळाशी, छंद आणि 'डिक्लरेशन'च्या मध्ये कुठेतरी दडलेलं असतं. तिथपर्यंत वाचणारा पोचतच नाही.

म्हणून आज सीव्ही सुंदर कसा करायचा यापेक्षा, पहिल्या नजरेत काय दिसलं पाहिजे याबद्दल बोलू.

पहिली नजर म्हणजे किती वेळ?

'सहा सेकंदांत सीव्ही नाकारला जातो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. हा आकडा आला कुठून? 'द लॅडर्स' या अमेरिकन जॉब वेबसाइटने २०१२ मध्ये ३० रिक्रूटर सीव्ही बघताना त्यांची नजर कुठे फिरते याची आय-ट्रॅकिंगने नोंद घेतली. पहिल्या चाळणीला सरासरी सहा सेकंद लागतात, असं त्यातून निघालं. २०१८ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ७.४ सेकंद आला.

आता संशोधनाचा विद्यार्थी म्हणून आपण इथे थांबून विचारायला हवं, की हा निष्कर्ष आपल्याला लागू होतो का? नमुना छोटा, रिक्रूटर कंपन्यांचे, देश अमेरिका. आपल्याकडचे प्राध्यापक थोडे जास्त धीराने वाचतात. पण पहिली नजर आणि नंतरचं वाचन या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे तिथेही खरं आणि इथेही. पहिल्या पायरीवर वाचणारा वाचत नसतो, शोधत असतो.

स्क्रीनवर हे शोधणं कसं होतं याचाही अंदाज आहे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये २३२ लोकांची वेबपेज वाचतानाची नजर नोंदवली. ती बहुतेक वेळा इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी फिरते असं त्यांना दिसलं. वरची ओळ पूर्ण, थोडं खाली आणखी एक आडवी फेरी, आणि मग डाव्या कडेने सरळ खाली. सीव्ही आजकाल स्क्रीनवरच उघडतो. म्हणजे वरचा एक तृतीयांश भाग आणि प्रत्येक ओळीचे डावीकडचे पहिले दोन-तीन शब्द ही तुमची सगळ्यात महागडी जागा. तिथे 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' हे वाक्य ठेवायचं का, ते तुम्हीच ठरवा.

वाचणारा काय शोधत असतो?

माझ्या मते तीनच प्रश्नांची उत्तरं.

१. हा उमेदवार जाहिरातीतल्या अटींत बसतो का?
२. याने स्वतःच्या हाताने काय केलंय?
३. लिहिलेलं खरं आहे हे कशावरून?

तिन्ही उत्तरं पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मिळाली, तर उरलेला सीव्ही निवांत वाचला जातो.

बायोडेटा आणि सीव्ही यांत गल्लत नको

आपल्याकडे सीव्हीचं वळण लग्नाच्या बायोडेटावरून आलेलं असतं. वडिलांचं नाव, व्यवसाय, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची, कायमचा पत्ता. लग्नाच्या बायोडेटात रास, नाडी, गोत्र वर असतं, कारण वाचणाऱ्याला तिथे तेच हवं असतं. लॅबमधल्या वाचणाऱ्याला तुमचं पीसीआर किंवा पायथॉन बघायचं असतं.

जन्मतारीख आणि प्रवर्ग यांचं काय? सरकारी निधीच्या जागांना वयोमर्यादा आणि प्रवर्गानुसार सवलत असते, त्यामुळे ही माहिती बऱ्याचदा लागते. ती ठरवून दिलेल्या अर्जाच्या नमुन्यात भरा. वेगळा नमुना नसेल आणि जाहिरातीत वयाची अट असेल, तर सीव्हीच्या शेवटी एका ओळीत लिहा. अमेरिका किंवा ब्रिटनला अर्ज करत असाल तर फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काहीच देऊ नका, तिथे तशी पद्धत नाही.

'वरील माहिती खरी आहे' हे डिक्लरेशनही जाहिरातीत मागितलं असेल तरच घाला.

वरचा एक तृतीयांश भाग

इथे चार गोष्टी पुरतात.

नाव आणि संपर्क: नाव ठळक, त्याखाली एका ओळीत ईमेल, फोन, शहर. ईमेल आयडी साधा नाव-आडनावाचा असावा. शाळेत असताना काढलेला 'कूलबॉय' छाप आयडी आता निवृत्त करा. ऑर्किड नंबर असेल तर तोही द्या. संशोधकांसाठीचा हा १६ अंकी ओळख क्रमांक मोफत मिळतो. त्याचा फायदा पहिला पेपर आल्यावर कळतो, कारण आपल्याकडे एकाच नाव-आडनावाचे कितीतरी लोक असतात.

दोन ओळींचा सारांश: 'ऑब्जेक्टिव्ह' काढून टाका. त्याऐवजी तुम्ही कोण, काय केलंय आणि कुठे जायचंय एवढंच लिहा. प्रत्यक्ष सीव्ही इंग्रजीत असेल, आशय मी मराठीत देते: 'एम.एस्सी. भौतिक रसायनशास्त्र. सोल-जेल पद्धतीने झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार करून प्रकाश-उत्प्रेरणेचा अभ्यास. सांडपाण्यातील रंगद्रव्यांच्या विघटनावर पुढे काम करण्यात रस.' 'हार्डवर्किंग', 'पॅशनेट', 'टीम प्लेअर' यांतलं काहीही नाही, तरी माणूस समजतो.

पात्रता: नेट, गेट, सेट जे काही झालंय ते इथे, स्पष्ट. फक्त 'नेट क्वालिफाइड' लिहू नका. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह, सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेशासाठी, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. तिन्हींचा अर्थ वेगळा. जेआरएफ असलेला विद्यार्थी स्वतःची फेलोशिप घेऊन येतो (१ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये). गाईडच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. म्हणून परीक्षा, विषय, महिना-वर्ष, गट आणि रँक एका ओळीत द्या. गेटचं वर्षही लिहा, कारण तो स्कोअर तीन वर्षंच चालतो.

शिक्षण: ताजं आधी, जुनं नंतर. गुण '८.२/१०' असे लिहा, नुसतं '८.२' नको. दहावी-बारावीला एक ओळ पुरे.

प्रोजेक्टची नोंद: सीव्हीचा कणा

बहुतेक विद्यार्थी इथे फक्त शीर्षक लिहितात: 'झिंक ऑक्साइड नॅनोकणांची निर्मिती व अभ्यास.' यावरून तुम्ही काय केलं हे कळत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये चार जण असतील तर चौघांच्या सीव्हीत हीच ओळ असणार.

तीच नोंद अशी लिहून बघा (आकडे नमुन्यादाखल आहेत):

'झिंक ऑक्साइड नॅनोकणांमुळे मिथिलीन ब्लूचं विघटन, एम.एस्सी. प्रकल्प, ६ महिने.
– सोल-जेल पद्धतीने तीन वेगवेगळ्या तापमानांना भाजलेले नमुने स्वतः तयार केले.
– एक्सआरडीच्या डेटावरून शेरर समीकरणाने स्फटिककांचा आकार काढला (मोजणी विद्यापीठाच्या केंद्रात, विश्लेषण स्वतः).
– ६६४ नॅनोमीटरवरचं शोषण यूव्ही-व्हिजिबलने दर १५ मिनिटांनी मोजून विघटनाचा वेग काढला. कमी तापमानाला भाजलेला नमुना सर्वांत प्रभावी ठरला.'

फरक बघा. काय केलं, कोणत्या पद्धतीने, त्यातलं स्वतःचं किती, आणि निघालं काय. प्रत्येक ओळीत कृती आहे. 'विद्यापीठाच्या केंद्रात मोजणी' हे कबूल केल्याने किंमत कमी होत नाही, उलट बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

आणखी एक गंमत. या नोंदीत 'स्फटिककांचा आकार' म्हटलंय, 'कणांचा आकार' नाही. एका कणात अनेक स्फटिकक असू शकतात, आणि शेरर समीकरण स्फटिककाचाच आकार सांगतं. कणाचा आकार बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. सीव्हीत 'एक्सआरडीवरून कणांचा आकार' असं लिहिलं असेल, तर मुलाखतीत त्यावर प्रश्न येण्याची शक्यता बरीच. बरोबर शब्द लिहिणाऱ्याला विषय समजलाय, हे जाणकार वाचणाऱ्याच्या तिथल्या तिथे लक्षात येतं. संशोधनाच्या सीव्हीत छाप अशा जागी पडते, निळ्या पट्टीच्या टेम्प्लेटने नाही.

कौशल्यांची यादी: केलंय, मदतीने केलंय, पाहिलंय

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे ठरतं. बऱ्याच सीव्हींत 'टेक्निक्स नोन' खाली पंधरा-वीस नावं असतात: एचपीएलसी, एनएमआर, वेस्टर्न ब्लॉट, फ्लो सायटोमेट्री, सेम, टेम. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त एवढं सगळं हाताने झालेलं नसणार, हे वाचणाऱ्याला माहीत असतं. तिथे शंका आली की ती मग खऱ्या गोष्टींवरही जाते.

त्यापेक्षा तीन ओळी करा.

स्वतः करू शकते: जेल इलेक्ट्रोफोरेसिस, पीसीआर (प्रायमर डिझाइनसह), जिवाणूंचं कल्चर.
देखरेखीखाली केलंय: एसडीएस-पेज, वेस्टर्न ब्लॉट.
तत्त्व माहीत, प्रात्यक्षिक पाहिलंय: फ्लो सायटोमेट्री.

पहिल्या ओळीत काय टाकायचं याची कसोटी सोपी आहे. उद्या सकाळी कोणी म्हणालं, 'हे घे सॅम्पल, कर,' तर प्रोटोकॉल समोर ठेवून करता येईल का? येत असेल तर पहिली ओळ.

सॉफ्टवेअरचंही तसंच. 'पायथॉन' एवढंच लिहिण्यापेक्षा 'पायथॉन: पांडास वापरून डेटा साफ करणं, मॅटप्लॉटलिबमध्ये आलेख' असं लिहा. चार ठिपक्यांपैकी तीन रंगवलेले किंवा '८० टक्के' असे पट्टे नकोत. कशाचे ८० टक्के? मोजमापाचं एकक नसलेला आलेख आपण आपल्या प्रबंधात चालवून घेऊ का?

पेपर, पोस्टर, सर्टिफिकेट

पेपर असेल तर त्याची अवस्था सांगा: प्रकाशित, स्वीकारलेला, पाठवलेला की प्रीप्रिंट. 'तयारीत' या सदरात काहीही बसतं, त्यामुळे त्याला वजन नसतं. लेखकांची नावं मूळ क्रमानेच द्या आणि स्वतःचं नाव ठळक करा. क्रम बदलून स्वतःला पुढे आणणं हा थेट खोटेपणा होतो, आणि डीओआयवर एक क्लिक केलं की तो दिसतो.

पैसे भरून चार दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या मागे लागू नका. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं, त्यामुळे 'केअर लिस्टेड' या शिक्क्यावर आता विसंबता येत नाही. जर्नलची पारख आता तुम्हालाच करावी लागणार. एम.एस्सी.ला पेपर नसणं अगदी नॉर्मल आहे. नीट लिहिलेला प्रकल्प संशयास्पद पेपरपेक्षा कधीही बरा.

वेबिनारची चाळीस सर्टिफिकेटं असतील तर विषयाशी जुळणारी तीन-चार ठेवा. एनपीटीईएलचा कोर्स परीक्षा देऊन पूर्ण केला असेल तर तो गुणांसकट लिहा.

छोट्या कॉलेजमधून आलेल्यांसाठी

'आमच्या कॉलेजात यूव्हीसुद्धा बंद पडलेलं, मी काय लिहू?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. मोठ्या संस्थेतल्या मुलांना जी यंत्रं रोज दिसतात ती तालुक्याच्या कॉलेजात नसतात. पण गाईड फक्त यंत्रांची नावं शोधत नसतो. हा विद्यार्थी प्रश्न घेऊन शेवटपर्यंत गेलाय का, हेही तो बघतो.

गावच्या विहिरींच्या पाण्याची कठीणता ईडीटीए टायट्रेशनने मोजून तिची उन्हाळा-पावसाळ्यात तुलना केली असेल, तर ते संशोधनच आहे. किती नमुने, प्रत्येकाची मोजणी किती वेळा, फरक किती, हे लिहा. परिसरातल्या वनस्पतींची हर्बेरियम शीटं तयार केली असतील तर किती प्रजाती, ओळख कशावरून पटवली, हे लिहा. यंत्र नसेल तर खुल्या डेटावर काम करता येतं. जनुकांचे क्रम एनसीबीआयवर मोफत मिळतात, विश्लेषणाची बरीच साधनंही मोफत आहेत. आणि बंगळुरू, प्रयागराज व दिल्ली इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांसाठी समर फेलोशिप चालवतात, तिच्यावर लक्ष ठेवा.

शिकत असताना नोकरी केली असेल, मेडिकल दुकानात किंवा शिकवणी घेऊन, तर तेही एका ओळीत लिहा. गुणांमागची परिस्थिती त्यातून न सांगता कळते.

प्रत्येक जाहिरातीला वेगळा सीव्ही

याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण लिओनार्दो दा विंचीचं आहे. साधारण १४८२ च्या सुमारास त्याने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला कामासाठी पत्र लिहिलं. आज आपण त्याला चित्रकार म्हणून ओळखतो. पण त्या पत्रात आधी आहेत ते सहज हलवता येणारे पूल, किल्ल्याला वेढा घालायची साधनं, तोफा आणि चिलखती गाड्या. चित्रकला आणि शिल्पकला शेवटी येते. मिलानला तेव्हा युद्धाची चिंता होती. अखेरीस तो म्हणतो, यातलं काही अशक्य वाटत असेल तर मी प्रत्यक्ष करून दाखवायला तयार आहे. वाचणाऱ्याची गरज आधी आणि पुरावा द्यायची तयारी, दोन्ही त्यात आहे.

आपण काय करायचं? सगळं लिहिलेली एक मोठी फाइल ठेवायची. जाहिरात आली की तिच्यातल्या आवश्यक आणि इष्ट पात्रता अधोरेखित करायच्या, गाईडचे अलीकडचे दोन पेपर चाळायचे, आणि जुळणाऱ्या गोष्टी वर आणायच्या. क्रम बदलायचा, तथ्यं नाहीत.

शेवटची तपासणी

– दोन पानं पुरे. अक्षर ११ च्या आसपास, फॉन्ट एकच, समास मोकळे.
– दोन स्तंभांचं रंगीत टेम्प्लेट टाळा. कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि अशा मांडणीत त्याचा गोंधळ उडू शकतो.
– फाइल पीडीएफच हवी. नावात तुमचं नाव आणि जाहिरात क्रमांक. 'सीव्ही फायनल न्यू २' नको.
– संदर्भासाठी दोन शिक्षकांची नावं, पण आधी त्यांना विचारून. त्यांना तुमचा सीव्हीही पाठवा.
– ईमेलच्या विषयात पदाचं नाव लिहा. पन्नास प्राध्यापकांना एकत्र सीसी करून पाठवलेला मेल कोणीच आपला मानत नाही.

आणि पाठवायच्या आधी एक प्रयोग करा. तुमच्या विषयातल्या, पण तुमचा प्रकल्प माहीत नसलेल्या मैत्रिणीला सीव्ही दहा सेकंद दाखवा आणि काढून घ्या. मग विचारा: मी कशासाठी पात्र आहे? मी हाताने काय केलंय? यातलं काय पटलं नाही? पहिल्या दोन प्रश्नांना ती अडखळली तर क्रम बदला. तिसऱ्याला तिने एखाद्या ओळीवर बोट ठेवलं, तर ती ओळ दुरुस्त करा किंवा काढा. मग दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, कारण पहिलीला आता उत्तरं माहीत झालेली असतात.